धन्यवादित फ्रेडरिक ओझानम : विनावेतन सेवेचे वेतन

धर्मग्रामातील संस्थांच्या वार्षिक सभा जवळ आल्या की एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो : नव्या कार्यकारिणीत कोण येणार? सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटी असो, वाचनालय असो, शाळेची समिती असो वा गावातील एखादा धर्मादाय न्यास असो, चिटणीस आणि खजिनदार यांच्या जागा भरताना सभागृहात शांतता पसरते. या कामाला पगार नाही, मानधन नाही. दिवसभराची नोकरी आटोपून सायंकाळी सभेला बसायचे, इतिवृत्त लिहायचे, पैशापैशाचा हिशेब ठेवायचा आणि वर चार लोकांचे बोलणेही ऐकून घ्यायचे. मग यातून माणसाला मिळते तरी काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर एका फ्रेंच प्राध्यापकाच्या चरित्रात सापडते. ते धर्मगुरू नव्हते, धर्मबंधूही नव्हते. ते पती होते, पिता होते, पोटासाठी नोकरी करणारे प्रापंचिक होते. त्यांचे नाव फ्रेडरिक ओझानम.

बालपण आणि घरचे संस्कार

फ्रेडरिक यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. त्या वेळी ते शहर नेपोलियनच्या अमलाखाली होते. वडील जाँ-आंत्वान ओझानम हे एके काळी नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे ते वैद्यकाकडे वळले. आई मारी नांतास ही लियोंच्या एका रेशीम व्यापाऱ्याची कन्या. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली, परंतु त्यांपैकी अगदी थोडी जगली. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१६ साली, हे कुटुंब लियों शहरी परतले.

लियों हे रेशीम विणकरांचे शहर. उंच उंच घरे, अरुंद जिने आणि अगदी वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी कष्टकऱ्यांची कुटुंबे. डॉक्टर ओझानम या जिन्यांवरून रोज चढउतार करीत. अनेक रुग्णांकडून ते एक पैही घेत नसत. मारी ओझानम याही गरीब आजाऱ्यांच्या भेटीला जात. दोघांचेही वय झाले तेव्हा चौथ्या मजल्याच्या वर चढायचे नाही असे वचन त्यांनी एकमेकांकडून घेतले होते. तथापि एके दिवशी दोघेही ते वचन मोडून वरच्याच एका जिन्यावर समोरासमोर आले, अशी आठवण त्या घरात सांगितली जाई. पुढे १८३७ साली डॉक्टर ओझानम अशाच एका गरीब रुग्णाच्या घरी जिन्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या तेव्हा तीन भेटींपैकी जवळजवळ एक भेट त्यांनी विनामूल्य दिल्याचे घरच्यांना आढळले. विनावेतन सेवेचा पहिला धडा फ्रेडरिक यांनी घरातच गिरवला होता.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी मात्र या भाविक घरातील मुलाच्या मनात श्रद्धेविषयी शंकांचे काहूर माजले. तत्त्वज्ञानाचे शिक्षक फादर न्वारो यांनी त्याला रागे न भरता आपल्याबरोबर लांब फिरायला नेले आणि त्याच्या प्रत्येक शंकेला तोंड दिले. त्या वादळातून सावरलेल्या तरुणाने आपले आयुष्य सत्याच्या सेवेला वाहण्याचा निश्चय केला. परंतु ही सेवा नेमकी कोणत्या मार्गाने करायची, हे त्याला अजून उमगलेले नव्हते.

पॅरिसमधील एक आव्हान

१८३१ च्या अखेरीस, वडिलांच्या इच्छेनुसार कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी फ्रेडरिक पॅरिसला आले. राजधानीत त्यांना अत्यंत एकाकी वाटू लागले. विद्यापीठात ख्रिस्ती धर्माची टिंगल होत असे. त्या काळी त्यांना आधार मिळाला तो विख्यात शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर यांच्या घरी. विद्युतप्रवाहाच्या मापनाला आज ज्यांचे नाव आहे तेच हे अँपिअर. त्यांनी या लियोंच्या तरुणाला आपल्या घरात राहण्यास जागा दिली. एवढा थोर शास्त्रज्ञ नम्रपणे प्रार्थना करतो, ही गोष्ट फ्रेडरिक यांच्या मनावर कायमची कोरली गेली.

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गरिबांच्या वस्त्यांवर सर्वांत मोठा घाला पडला. याच सुमारास कॅथलिक विद्यार्थी एमान्युएल बाय्यी या सद्गृहस्थांच्या आधाराने एक अभ्यासमंडळ चालवीत असत. तेथे इतिहास आणि तत्त्वज्ञान यांवर चर्चा होई व भिन्न मतांचे विद्यार्थीही येत. एकदा वाद रंगात आला असता सेंट-सायमन या विचारवंताच्या एका अनुयायाने ओझानम आणि त्यांच्या मित्रांना पेचात पकडले. ख्रिस्ती धर्माने गतकाळी मोठी कामे केली हे त्याला मान्य होते. परंतु आज, या शहरात, स्वतःला कॅथलिक म्हणविणारे हे तरुण गरिबांसाठी काय करीत आहेत, असे त्याने विचारले.

प्रश्न झोंबणारा होता, कारण तो खरा होता. उत्तम भाषणे करणाऱ्या त्या तरुणांपाशी त्याचे उत्तर नव्हते. ओझानम यांनी रागावून प्रत्युत्तर देण्याऐवजी त्या प्रश्नापुढे मान लवविली.

सात माणसे आणि एक टोपी

२३ एप्रिल १८३३ रोजी बाय्यी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत एक छोटीशी सभा भरली. योगायोगाने तो ओझानम यांचा विसावा वाढदिवस होता. सभेला सहा विद्यार्थी होते : ओझानम, लालिए, लामाश, ल तायांदिए, क्लावे आणि दव्हो. वयाने त्यांच्याहून बरेच वडील असलेले बाय्यी अध्यक्ष झाले आणि दव्हो यांच्याकडे खजिना सोपविण्यात आला. खजिना म्हणजे तरी काय? सभेच्या शेवटी एक टोपी फिरवली जाई आणि प्रत्येक जण आपल्या तुटपुंज्या पैशांतून जमेल तेवढे तीत टाकी.

उत्साह होता, पण अनुभव नव्हता. गरीब कोठे राहतात आणि त्यांच्या दारी कसे जावे, हेही या तरुणांना ठाऊक नव्हते. म्हणून ते मूफतार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे गेले. डॉटर्स ऑफ चॅरिटी या संस्थेच्या या धर्मभगिनीला त्या वस्तीतील घर अन् घर माहीत होते. तिने त्यांना भेट देण्यासाठी कुटुंबांची यादी दिली, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाशी आदराने कसे वागावे हेही शिकविले. या सिस्टर रोझाली यांनाही २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धन्यवादित घोषित केले. फेब्रुवारी १८३४ मध्ये या मंडळाने संत विन्सेंट दी पॉल यांना आपले आश्रयदाते मानले.

हे मंडळ कशासाठी काढले गेले, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. गरिबांना मदत करणे हा हेतू तर होताच, परंतु या तरुणांनी एकत्र येण्यामागे आपला स्वतःचा विश्वास जिवंत ठेवण्याची तळमळही तेवढीच होती. पोटमाळ्यावरच्या थंड खोलीत एखाद्या विधवेजवळ अर्धा तास बसल्यानंतर विद्यापीठातील टिंगलटवाळी त्यांना पूर्वीसारखी बोचेनाशी झाली. जे प्रश्न वादविवादाने सुटत नव्हते ते सेवेने निवळू लागले. एकाकी ओझानम यांना जिवाभावाचे मित्र मिळाले. कोणी पगार देत नव्हते, तरीही दर आठवड्याला प्रत्येक जण आपण दिले त्याहून अधिक घेऊन घरी परतत होता.

कसोटीचा प्रसंग

थोड्याच काळात संस्थेसमोर कठीण प्रसंग उभा राहिला, तोही यशामुळे. १८३४ अखेर सभासदांची संख्या शंभरावर गेली. एका खोलीत एवढी माणसे मावेनात. प्रत्येक कुटुंबाची विचारपूस एका सभेत होईना. तेव्हा मंडळाचे विभाग करावेत, असा प्रस्ताव ओझानम यांनी मांडला.

त्याला कडाडून विरोध झाला. हे मंडळ म्हणजे एक कुटुंब आहे, त्याचे तुकडे केले तर मैत्री संपेल आणि मैत्री संपली की कामही संपेल, असे अनेकांना मनापासून वाटत होते. ज्या सहवासाने आपल्याला तारले तोच सोडायचा कसा, ही त्यांची व्यथा होती. डिसेंबर महिन्यातील सभा वादळी झाल्या. मित्र मित्रांच्या विरोधात बोलले. या मैत्रीचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना झाला होता, तेच ओझानम आज ती वाटून टाकण्याचा आग्रह धरीत होते. आपले समाधान जपावे की काम वाढू द्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी काम निवडले.

१८३५ च्या आरंभी विभागणी झाली. एक शाखा सेंट एतियन-दु-माँ या धर्मग्रामात, तर दुसरी सेंट सुल्पिस येथे काम करू लागली. मैत्री तुटली नाही. उलट, या विभागणीमुळेच संस्थेला गावोगाव पसरण्याची वाट सापडली. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेची नियमावली तयार झाली. लालिए आणि बाय्यी यांनी ती लिहिण्याचा भार उचलला. नियमित सभा, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, इतिवृत्त, सभेच्या शेवटची वर्गणी या सर्वांची व्यवस्था तीत होती. सभेत राजकारण आणू नये, असाही दंडक होता. नियमावली ही रूक्ष वाटणारी गोष्ट. परंतु तिच्यामुळेच संस्था व्यक्तींच्या लहरीवर न राहता त्यांच्यानंतरही टिकून राहिली.

लियोंचे अध्यक्षपद

१८३६ साली ओझानम यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळविली आणि ते लियोंला परतले. तेथेही त्यांनी शाखा सुरू केली आणि अध्यक्षपदाची जबाबदारी घेतली. गरीब कुटुंबांच्या भेटींबरोबरच शहरातील सैनिकांसाठी शिकवणी आणि वाचनालय चालविण्याचे कामही लियोंच्या सभासदांनी हाती घेतले.

येथे त्यांना निराळाच अनुभव आला. विरोध बाहेरच्यांकडून नव्हे तर आपल्याच लोकांकडून झाला. शहरातील काही प्रतिष्ठित कॅथलिकांना या तरुण मुलांची लुडबुड आवडली नाही. वडील माणसांच्या जुन्या धर्मादाय संस्था असताना ही नवी संस्था कशाला, असा त्यांचा सूर होता. वडिलांच्या निधनामुळे घराचा भार ओझानम यांच्यावर आला होता, वकिलीत त्यांचे मन रमत नव्हते आणि त्यात ही कुरबूर. तरीही त्यांनी भांडण केले नाही आणि राजीनामाही भिरकावला नाही. धर्माधिकाऱ्यांना विश्वासात घेऊन, सभासदांना सांभाळून ते शांतपणे काम करीत राहिले. समितीवर काम करणाऱ्या कोणालाही हा अनुभव परका वाटणार नाही.

१८३९ साली दान्ते या महाकवीवरील प्रबंधामुळे त्यांना साहित्याची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्यांची आई प्रभूघरी गेली.

प्राध्यापक, पती आणि सेवक

१८४० साली एका अवघड राष्ट्रीय परीक्षेत ओझानम पहिले आले आणि पॅरिसच्या प्रख्यात सॉर्बोन विद्यापीठात परकीय साहित्य शिकवू लागले. २३ जून १८४१ रोजी लियों येथे आमेली सुलाक्रवा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४५ साली त्यांना मारी ही एकुलती एक कन्या झाली. दरम्यान, १८४४ मध्ये ते पूर्ण वेळ प्राध्यापक झाले होते.

त्याच वर्षी बाय्यी यांनी संस्थेचे अध्यक्षपद सोडले. ज्यांच्या विसाव्या वाढदिवशी संस्था जन्मली त्या ओझानम यांच्याकडे सर्वांची नजर वळणे स्वाभाविक होते. परंतु अध्यक्षपद ज्यूल गोसाँ यांच्याकडे गेले आणि ओझानम उपाध्यक्ष म्हणून काम करीत राहिले. संपूर्ण संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी कधीही भूषविले नाही. आज जगभर त्यांचे नाव संस्थापक म्हणून घेतले जाते. त्यांना मात्र स्वतःला एकटा संस्थापक म्हणवून घेणे रुचत नसे, कारण हे काम अनेकांनी मिळून उभारले असे ते मानीत. शाखांना पत्रे लिहिणे, प्रवासात त्यांना भेटी देणे, नव्या शाखांना धीर देणे ही कामे ते अखंड करीत.

पदाधिकारी झाल्यावर गरिबांच्या भेटी त्यांनी सोडल्या नाहीत. दारात पाऊल टाकताच ते टोपी काढीत, समोर बसून बरोबरीच्या नात्याने बोलत आणि उपदेशाचे डोस पाजीत नसत. एका नववर्षदिनाची हकीकत प्रसिद्ध आहे. एका गरीब कुटुंबाने आपले जुने खणांचे कपाट, सुखाच्या दिवसांची शेवटची खूण, गहाण टाकल्याचे त्यांना कळले होते. ते सोडवून नववर्षाची भेट म्हणून परत द्यावे असे त्यांच्या मनात आले. आमेली यांनी काही व्यावहारिक कारणे सांगून त्यांना थांबविले. त्या सायंकाळी लहानग्या मारीला मिळालेल्या खेळण्यांकडे पाहून ओझानम उदास झाले. त्यांच्या मनातील सल ओळखून आमेली यांनीच त्यांना जाण्यास सांगितले. ते तत्काळ निघाले, कपाट सोडवून त्या कुटुंबाकडे पोहोचविले आणि प्रसन्न मुखाने घरी आले.

१८४८ चे दिवस

भेटींतून आणि सभांतील अहवालांतून ओझानम यांना आणखी एक देणगी मिळाली, ती म्हणजे समाजाचे यथार्थ ज्ञान. कामगाराची मजुरी किती, भाडे किती, आजारपण आले की घर कसे कोसळते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, तर डोळ्यांनी पाहिले होते. केवळ भिक्षा पुरेशी नाही, न्यायही हवा, अशी त्यांची खात्री झाली. श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी रुंदावत जाऊन उद्या संघर्ष होईल, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

१८४८ साली ते खरे ठरले. फेब्रुवारीत क्रांती झाली, राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. ओझानम यांनी फादर लाकोर्देर आणि फादर मारे यांच्यासमवेत एक वृत्तपत्र काढून कामगारांची बाजू मांडली. जून महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर कामगार आणि सैन्य यांच्यात रक्तपात सुरू झाला. ओझानम आपल्या दोन स्नेह्यांसह आर्चबिशप आफ्र यांना भेटले आणि त्यांनी मध्यस्थी करावी अशी विनंती केली. आर्चबिशपांच्याही मनात तोच विचार होता. २५ जून रोजी शांततेचे आवाहन करण्यासाठी ते बंडखोरांच्या अडथळ्यांपाशी गेले असता गोळी लागून जखमी झाले आणि २७ जूनला त्यांचे निधन झाले. या घटनेचे दुःख ओझानम यांना जन्मभर राहिले.

संघर्षानंतर हजारो कुटुंबे बेकार आणि उपाशी होती. ज्यांच्या दारी सरकारी माणसाला कोणी उभे करीत नव्हते, त्या वस्त्यांत संस्थेचे सभासद मदत घेऊन जाऊ शकले, कारण कित्येक वर्षांच्या भेटींनी त्यांनी तेथे विश्वास कमावला होता. हा विश्वास कोणत्याही पदाने किंवा पैशाने मिळाला नसता.

अखेरचा प्रवास

अध्यापन, लेखन आणि सेवा यांच्या भाराने ओझानम यांची प्रकृती खचली. १८५२ मध्ये विद्यार्थी वाट पाहत आहेत असे कळताच ते आजारी अवस्थेत अंथरुणातून उठून वर्गात गेले. तो त्यांचा अखेरच्या व्याख्यानांपैकी एक प्रसंग ठरला. त्यानंतर हवापालटासाठी ते दक्षिण फ्रान्स, स्पेन आणि इटली येथे गेले. तेथेही स्वस्थ बसणे त्यांना जमले नाही. तोस्काना प्रांतात संस्थेकडे संशयाने पाहिले जात होते. ओझानम यांनी आजारपणातही तेथील राजघराण्याशी बोलून शाखांचा मार्ग मोकळा केला.

१८५३ च्या आरंभी फ्लॉरेन्स येथील सभासदांसमोर त्यांनी वीस वर्षांचा हिशेब मांडला. मूठभर विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या संस्थेचे एकट्या पॅरिसमध्ये दोन हजार सभासद झाले होते. ते पाच हजार कुटुंबांना, म्हणजे सुमारे वीस हजार माणसांना भेट देत होते. फ्रान्समध्ये पाचशे शाखा होत्या आणि इतर देशांतही काम रुजले होते.

८ सप्टेंबर १८५३ रोजी, आपण मरियामातेचा जन्मोत्सव साजरा करतो त्याच दिवशी, मार्सेय येथे त्यांनी देह ठेवला. ते अवघे चाळीस वर्षांचे होते. पॅरिसमधील कार्मेल चर्चच्या तळघरात त्यांची समाधी आहे. २२ ऑगस्ट १९९७ रोजी, जागतिक युवा दिनाच्या निमित्ताने पॅरिसला आलेल्या पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोत्र-दाम महामंदिरात त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांची संस्था आज सुमारे दीडशे देशांत कार्यरत असून तिचे सभासद आठ लाखांच्या घरात आहेत.

आपल्यासाठी बोध

ओझानम यांना या वीस वर्षांच्या सेवेतून काय मिळाले? पैसा मिळाला नाही, सर्वोच्च पदही मिळाले नाही. परंतु डळमळणारी श्रद्धा स्थिर झाली. परक्या शहरात मित्र मिळाले आणि ते अखेरपर्यंत टिकले. मतभेद असूनही एकत्र काम करण्याची सवय लागली. पुस्तकी पंडिताला आपल्याच शहराची खरी ओळख पटली. ही मिळकत त्यांच्या व्याख्यानांत उतरली, संसारात उतरली आणि मरणाच्या दारातही त्यांना पुरली.

सभेची वही लिहिणे, वर्गणी मोजणे, पुढच्या आठवड्यात कोणत्या घरी कोण जाणार हे ठरविणे ही कामे लहान दिसतात. या कामांशिवाय पॅरिसमधील ती टोपी एका सायंकाळपुरतीच फिरली असती. एकट्याचा कळवळा काही दिवसांत ओसरतो. चार माणसांनी मिळून ठेवलेली शिस्त त्याला पिढ्यान्‌पिढ्या वाहते ठेवते.

प्रिय वाचकहो, यंदाच्या सभेत रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून कोणी आपले नाव सुचविले, तर वेळ नाही असे म्हणण्यापूर्वी या प्राध्यापकाचे स्मरण करू या. त्यांनाही घर होते, परीक्षा होत्या, कर्तव्ये होती आणि प्रकृती साथ देत नव्हती. तरीही ते त्या खुर्चीत बसले. धन्यवादित फ्रेडरिक ओझानम यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामांतील आणि गावांतील सर्व विनावेतन सेवकांना प्रभू बळ देवो, आणि त्यांच्या बाजूला बसण्यास नवी माणसे पुढे येवोत.